शंभरपैकी शंभर

"दानबी, तू माझा जीव वाचवलास बघ," प्राध्यापक मेंग म्हणाले आणि त्यांनी तिच्या टेबलावर एक छापील कागद ठेवला.

कागद अजून कोमट होता. वर विद्यापीठाचं चिन्ह, खाली 'हिंसा प्रतिबंध प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला', मग नाव, मेंग ग्योंगतेक, आणि ठसठशीत अक्षरांत गुण, शंभरपैकी शंभर. दरवर्षीचाच कागद. त्यात जीव वाचवण्यासारखं काय आहे ते दानबीला कळेना. सर मात्र खुशीत होते. त्यांनी तिच्या टेबलावरची सोयाबीनची परीक्षानळी उचलून उजेडात धरली, "छान आंबतंय हं," म्हणाले, "जेवलीस का?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आपल्या खोलीकडे गेले. जाता जाता दारात थांबून म्हणाले, "तुझ्या प्रबंधाचं मान्यतेचं पान माझ्या टेबलावर आहे, बरं का. चौघांचे शिक्के बसलेत. माझा तेवढा राहिलाय." मग दानबीची नजर कागदाच्या तळाशी गेली. तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं : गुरुवार, सात नोव्हेंबर, दुपारी तीन बावन्न ते पाच चार. तिने नळी जागेवर ठेवली, हातमोजे काढले, पुन्हा घातले.

सात नोव्हेंबरचा गुरुवार आता अख्ख्या विभागाला पाठ झाला होता. त्या दिवशी सव्वाचारच्या सुमाराला शीतकोठीत सरांनी माझ्या मनगटावर दार लोटलं, असा अर्ज इसुलने विद्यापीठाच्या मानवाधिकार केंद्रात दिला होता. इसुल पदवीच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी, लॅबमध्ये दीड वर्षापासून फावल्या वेळात काम करायची. दक्षिणेकडच्या एका बेटावरून तेजॉन शहरात आलेली, तिकडे तिच्या घरचे समुद्रशेवाळ पिकवतात. हुशार म्हणजे किती, तर पहिल्या आठवड्यात दानबीच्या वहीतली चूक दाखवून "ताई, रागावू नकोस हं" असं वर म्हणाली होती. तिने सरांना एवढंच सांगितलं होतं की पुढच्या सत्रापासून मला जमणार नाही, अभ्यास मागे पडतोय. त्यावर सर काही बोलले नाहीत म्हणे. बरण्या आत ठेव, म्हणाले. ती वाकून बरणी ठेवत असताना चौकटीवर टेकलेल्या तिच्या हातावर ते जड दार आलं. सरांचं म्हणणं निराळं होतं. पोरगी वेंधळी आहे, दार तिच्या स्वतःच्याच हातून लागलं, आणि मी तर तेव्हा तिथे नव्हतोच, मी माझ्या खोलीत संगणकासमोर बसलो होतो. आणि आता त्याचा कागदोपत्री पुरावा निघाला होता. माणूस हिंसा कशी टाळावी हे शिकत बसला होता, मिनिटामिनिटाची नोंद होती, आणि वर पैकीच्या पैकी गुण!

नोंद खरी होती. फक्त खुर्चीत बसली होती दानबी. सात वर्षांपूर्वी ती लॅबमध्ये सगळ्यांत धाकटी होती तेव्हा पहिल्यांदा सरांनी कचेरीतून आलेला या प्रशिक्षणाचा निरोप तिच्याकडे ढकलला होता, "हे जरा बघून टाक." एवढंच. त्यात काही वावगं आहे असं तिला वाटलं नाही, कारण शेजारच्या लॅबमध्येही सगळ्यांत धाकटं माणूसच ते करायचं, आणि त्याच्या शेजारच्या लॅबमध्येही. पुढे तिच्याहून धाकटे आले, गेले, पण पासवर्ड तिला पाठ होता म्हणून काम तिच्याकडेच राहिलं. प्राध्यापकांचं खातं त्यांच्याच यंत्रावरून उघडतं, म्हणून दर शरदात एका दुपारी ती सरांच्या खोलीत, सरांच्या खुर्चीत, सरांच्या पाठीच्या आकाराच्या उशीला टेकून बसायची. चार भाग असतात. व्हिडिओ पुढे पळवता येत नाही. दर दहा मिनिटांनी पडद्यावर चौकट येते, 'आपण पाहत आहात ना?', आणि 'हो' दाबलं नाही तर सगळं पहिल्यापासून. तिला ते नट आता नातेवाइकांसारखे माहीत झाले होते. करडा कोट घातलेला बॉस, कागद उचलणारी मुलगी, दाराशी घुटमळणारा सहकारी. शेवटी वीस प्रश्न. पहिल्या वर्षी तिला पंच्याऐंशी पडले होते, तेव्हा सर हसून म्हणाले होते, "काय गं, मी एवढा वाईट आहे का?" त्यानंतर कधीच शंभराच्या खाली नाही.

आणि त्या गुरुवारी तिने आवाज ऐकला होता. हे ती कुणालाच बोलली नव्हती, स्वतःशीसुद्धा धड नाही. तिने व्हिडिओचा आवाज बंद केलेला असतो, त्यामुळे खोलीत शांतता होती. सरांची खोली आणि शीतकोठी यांच्यामध्ये एकच भिंत. सर "इसुल, चल जरा" म्हणून गेले आणि थोड्या वेळाने भिंतीपलीकडे धप्प झालं. पुढे काहीच नाही, किंचाळी नाही, रडणं नाही. त्या काहीच नसण्यानेच तिच्या अंगावर काटा आला होता. काही पडलं असेल असं ती म्हणू शकली असती. पण बरणी पडली तर फुटते, आणि फुटल्याचा आवाज तिला चांगला ठाऊक होता. चौथ्या वर्षी सरांनी काचेच्या ताटल्यांची चळत तिच्या दिशेने भिरकावली होती. लागली नाही. तिने गुडघ्यांवर बसून सगळ्या काचा वेचल्या, "चुकलं माझं, सर," म्हणाली, आणि त्या दिवशीचं काम वेळेत पुरं केलं. म्हणजे तो आवाज कसला, हे तिला त्या क्षणी कळलं होतं. ती अर्धवट उठली. तेवढ्यात पडद्यावर चौकट आली. आपण पाहत आहात ना? पहिल्यापासून करायचं म्हटलं तर सव्वा तास. ती बसली आणि तिने 'हो' दाबलं. पुढे साक्षीदाराने काय करावे असा प्रश्न होता, त्याचं उत्तर तिसरं. तिने तिसरं दाबलं. बरोबर.

दुपारी ग्यूसक आला. हा लॅबमधला सगळ्यांत जुना, डॉक्टरेट होऊन चार वर्षं झाली तरी इथेच घुटमळणारा. त्याने दाखला वाचला आणि शीळ घातली. "वा! आपले सर म्हणजे अहिंसेचे महामहोपाध्याय."

"गप रे," दानबी म्हणाली.

"मी गप्पच आहे. मला कुठे कुणी बोलावलंय? केंद्राचं साक्षीचं बोलावणं तुला आहे ना? शुक्रवारी?" त्याने कागद नीट उलटा ठेवला. "हे बघ, तू काय पाहिलंस?"

"पाहिलं काहीच नाही."

"मग झालं तर. जे पाहिलं नाही ते सांगता येत नाही. उगीच डोक्याला ताप करून घेऊ नकोस. सात वर्षं घासलीस, आता प्रबंध द्यायला सात दिवस राहिलेत तर शहाणपणा सुचतोय का तुला?" मग जरा थांबून, खालच्या आवाजात म्हणाला, "आणि ते तू केलंस हे कळलं ना, तर आधी तू जाशील. दुसऱ्याच्या नावाने परीक्षा दिलीस. सर म्हणतील, मी सांगितलंच नव्हतं, पोरीने आपणहून केलं. तोंडी सांगितलेल्याला काही पुरावा असतो का?" त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, हेच तिला सहन होईना. तो तिच्या भल्याचंच सांगत होता. तिच्या मनातलं जसंच्या तसं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते किती घाणेरडं वाटतं, हे तिला कळलं, आणि तरीही ते खरं होतं.

संध्याकाळी चार नंबरच्या बसची वाट बघताना तिला एकदम शाळेतली एक दुपार आठवली. आठवीचा वर्ग. कुणीतरी जोंगआ नावाच्या मुलीचे केस मागून कापले होते. बाईंनी सगळ्यांना बाकावर डोकं टेकून डोळे मिटायला लावलं. "ज्याला माहीत आहे त्याने नुसता हात वर करा. कुणी कुणाला बघणार नाही." दानबीला माहीत होतं. कात्री तिच्या शेजारच्याच दप्तरात होती. तिने डोळे किलकिले करून पाहिलं, आणि तिला दिसलं काय, तर वर्गातल्या सगळ्याच मुली डोळे किलकिले करून एकमेकींकडे बघत होत्या. एकही हात वर नव्हता. जोंगआ तेवढी खरोखर डोळे गच्च मिटून बसली होती. बाई म्हणाल्या, "उघडा. ठीक आहे." त्यानंतर जोंगआ दुसऱ्या शाळेत गेली, आणि तिची रिकामी खुर्ची कुणीतरी दप्तरं ठेवायला वापरू लागलं. दानबीला इतकी वर्षं वाटत आलं होतं की आपण लहान होतो, घाबरलो. आज थंडीत उभं राहून तिला वाटलं, घाबरण्याचा प्रश्नच नव्हता. हात वर केला असता तर सगळ्यांनी पाहिलं असतं, बस्स. बस आली तशी ती चढली आणि उतरायच्या थांब्याच्या दोन थांबे पुढे गेली.

गुरुवारी इसुलने तिला विद्यार्थी भोजनगृहात गाठलं. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर, डाव्या हाताने चमचा धरून ती आंबवलेल्या सोयाबीनचं गरम कालवण पीत होती, आणि निम्मं सांडत होती. दानबीने न विचारता तिच्या भातावर भाजी काढून ठेवली.

"ताई, लहान मुलीसारखं भरवू नकोस," इसुल हसली. हसली, पण चेहरा उतरलेला होता. "माझे मधल्या परीक्षेचे निकाल लागलेत म्हणे. मला दिसत नाहीत."

"का?"

"ते हिंसा प्रतिबंधाचं पाहिल्याशिवाय निकालाचं पान उघडत नाही ना. मी तीनदा बसले. तो करड्या कोटातला माणूस दार लावतो, माहीत आहे? तिथे आलं की माझा हात थंड पडतो. चौकट येते आणि निघून जाते. पुन्हा पहिल्यापासून." तिने चमचा ठेवला. "हसू येतं बघ. दारात हात माझा सापडला आणि शिकायचंही मलाच."

"दे तुझा पासवर्ड," दानबीच्या तोंडून निघून गेलं. "मी करून टाकते. मला उत्तरं पाठ आहेत."

"तुला कशी काय पाठ?"

दानबीने पाण्याचा पेला उचलला. "दरवर्षी तेच असतं."

"नको," इसुल म्हणाली. "माझं मीच बघीन." मग तिने पिशवीतून एक घडी घातलेला अर्ज काढून दाखवला. शिक्षण सोडण्याचा अर्ज, डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरात भरलेला. द्यायची मुदत उद्या पाचपर्यंत. "घरी आई म्हणते, ये परत, शेवाळाला माणसं कमीच आहेत. मी अजून दिलेला नाही. ताई, तू उद्या जाणार आहेस ना? तुझं नाव मीच दिलंय. रागावू नकोस. पण त्या दिवशी तू सरांच्या खोलीत जाताना मला दिसली होतीस. कसलेतरी फॉर्म भरायला गेली असशील. तू आत, आणि सर बाहेर, माझ्याबरोबर. तेवढं एकच सांग. खोलीत तू होतीस आणि सर नव्हते. बाकी मला काही नको."

"बघते," दानबी म्हणाली.

"बघते नको म्हणूस गं. सर म्हणतात ते खोलीत होते. त्यांच्याकडे कागद आहे. माझ्याकडे तू आहेस." तिने हे इतक्या सहजपणे म्हटलं की दानबीला तिचा भयंकर राग आला. कुणी सांगितलं होतं हिला माझ्यावर भरवसा ठेवायला? कुणाच्या जिवावर ही पोरगी अशी डोळे मिटून बसते? आणि त्या रागाच्या खाली, अगदी तळाशी, माया होती, तीच जास्त टोचत होती. तिने इसुलची थाळीही उचलली, दोन्ही थाळ्या नेऊन ठेवल्या, आणि परत येईपर्यंत तिने ठरवून टाकलं की सांगायचं. काय व्हायचं ते होऊ दे. ठरवल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की रात्री ती सात वर्षांत पहिल्यांदा दहाच्या आत झोपली.

मानवाधिकार केंद्र ग्रंथालयाच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. खोलीत एक कुंडी, कागदी रुमालांचा डबा आणि चौकशी अधिकारी प्योनबाई. बाई पन्नाशीच्या, आवाज मऊ, बोटं विलक्षण भराभर चालणारी. त्यांनी जवाच्या पाण्याचा पेला पुढे केला. "घाबरू नका हं. मी विचारीन, तुम्ही सांगाल, मी लिहीन. शेवटी वाचून सही करायची." सकाळी येताना सरांनी तिला जिन्यात गाठलं होतं. तिच्या गळपट्ट्याकडे बघून "थंडी आहे, नीट गुंडाळ," एवढंच म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने त्याचं टोक आत खोचलं. ते बोट गळ्याला लागलं ती जागा तिला अजून जाणवत होती.

आधी साधे प्रश्न झाले. लॅबमध्ये किती वर्षं, इसुलला कधीपासून ओळखता. दानबी उत्तरं देत होती आणि मनात ते एकच वाक्य घोळवत होती. खोलीत मी होते, सर नव्हते. वाक्य अगदी ओठांवर होतं. बाईंनी चष्मा सारखा केला. "आता सात तारखेकडे येऊ. प्रशिक्षणाच्या नोंदीप्रमाणे दुपारी तीन बावन्नपासून पाच चारपर्यंत..."

"हो," दानबी म्हणाली.

"प्राध्यापक मेंग आपल्या खोलीत, आपल्या संगणकावर..."

"हो."

"प्रशिक्षण घेत होते. म्हणजे सव्वाचारला ते खोलीतच होते."

"हो," दानबी म्हणाली, आणि पुढचा प्रश्न यायची वाट पाहू लागली. मोठं माणूस बोलत असलं की मध्ये मध्ये 'हो' म्हणायचं असतं. मी ऐकतेय, तुम्ही बोला, एवढाच त्याचा अर्थ. आईशी फोनवर बोलताना, सरांसमोर, दुकानात, बँकेत, दिवसाकाठी शंभरदा ती तसं म्हणत आली होती. आता बाई विचारतील, हे खरं आहे का? आणि मग ती सांगेल. पण बाईंची बोटं चालली, थांबली, आणि त्या म्हणाल्या, "बरं. इसुलच्या स्वभावाबद्दल काही सांगता येईल?" दानबीचं तोंड उघडं राहिलं. प्रश्न पुढे निघून गेला होता. तिने स्वभावाबद्दल सांगितलं. मेहनती आहे, म्हणाली. स्पष्ट बोलते, म्हणाली. आपलाच आवाज ती लांबून ऐकत होती.

यंत्रातून तीन पानं बाहेर आली. बाईंनी ती तिच्यापुढे सरकवली, शेजारी एक काळं पेन आणि एक लाल. "नीट वाचा. काही चुकलं असेल तर लाल पेनाने खोडा, वर बरोबर काय ते लिहा, बाजूला सही करा. अगदी निःसंकोच. लोक खोडतातच." दुसऱ्या पानाच्या मध्यावर ते होतं. प्रश्न : सव्वाचारला प्राध्यापक मेंग खोलीतच होते का? उत्तर : हो. किती स्वच्छ छापलेलं. आपण खोटं बोललो नाही, हा पहिला विचार तिच्या मनात आला, आणि तो आल्याबरोबर तिला आपलीच किळस वाटली, कारण त्या विचाराबरोबर सुटका वाटली होती. हे कुणी केलं नव्हतं. आपोआप झालं होतं. तिने फक्त काही करायचं नव्हतं. लाल पेन तिच्या हातापासून वीतभर लांब होतं. एक अक्षर खोडायचं. मग बाई विचारणार, मग खोलीत कोण होतं? मग ते शंभर गुण कुणाचे? मग टेबलावरचं ते पान, चार शिक्क्यांचं, आणि पाचवी रिकामी जागा. तिला आई आठवली, गल्लीतल्या सगळ्यांना "आमची डॉक्टर होणार" असं सांगून बसलेली. इसुलचा डावा हात आठवला, कालवण सांडणारा. भिंतीमागचं ते काहीच नसणं आठवलं. तिने पान पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या, त्यांना अजिबात घाई नव्हती, आणि कुणीतरी घाई करावी, कुणीतरी हात धरावा, असं दानबीला कळकळीने वाटत होतं. मग तिने काळं पेन उचललं आणि तिन्ही पानांवर सही केली. सही नेहमीपेक्षा नीट आली.

"झालं," प्योनबाई म्हणाल्या. "खूप मदत झाली तुमची."

इसुल खाली, इमारतीच्या दाराशी उभी होती. एवढ्या थंडीत, कोट नुसता खांद्यावर टाकलेला, कारण प्लास्टरचा हात बाहीत जात नव्हता. वरच्या घड्याळात पाचला वीस मिनिटं होती. तिच्या डाव्या हातात तो घडीचा अर्ज होता. ती दानबीच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि दानबीला वाटलं, हिला कळेल, आता हिला सगळं दिसेल. दिसलं असतं तर बरं झालं असतं.

"सात तारखेचं विचारलं?" इसुलने शेवटी विचारलं.

"विचारलं."

"सांगितलंस?"

घड्याळाचा काटा एक घर पुढे सरकला. अर्ज घेणारी कचेरी तळमजल्यावरच होती, चालत दोन मिनिटांवर, आणि तिकडून बोट, बेट, आई, शेवाळ, मीठ, इथल्या सगळ्यापासून पुष्कळ लांब असलेली एक जागा. 'जा,' असं म्हणता आलं असतं. पळत जा, तो अर्ज दे, आजच जा घरी. एवढं तरी म्हणता आलं असतं. पण मग ही विचारेल, का?

"सांगितलं," दानबी म्हणाली.

इसुलचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. ती रडली नाही. तिने अर्ज दातांत धरला, डाव्या हाताने टराटरा फाडला आणि तुकडे कोटाच्या खिशात कोंबले. "मला माहीत होतं गं ताई," ती म्हणाली. "मी उगीच घाबरत होते. आता ते काय करणार? आज खोलीवर जाऊन ते व्हिडिओ पण संपवते, तो माणूस दार लावू दे नाहीतर काही करू दे. निकाल बघते. आणि सोमवारी लॅबमध्ये येते. सत्र संपेपर्यंतचं माझं काम तरी पुरं करते. शीतकोठीत बरण्या माझ्याच नावाच्या आहेत. सर असले तरी असू देत, तू आहेस ना तिथे. येऊ ना सोमवारी?"

दानबीने तिचा कोट सारखा केला, वरचं बटण लावलं.

"ये," ती म्हणाली.